कान इकडं द्या: २०२४ मध्ये ऐकायचे राहून गेलेले अल्बम

मागच्या अंकात विचारलं होतं की २०२४ मधला असा कुठला अल्बम, जो तुमच्या आजूबाजूला कुणीच ऐकला नाही, आणि म्हटलं होतं की तुम्हाला काय पाहिजे तेही कळवा, मी शोधून सांगते. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. काही जणांनी 'दुर्लक्षित म्हणजे नक्की काय' यावरनंच वाद घातला, कारण यातल्या काहींना परदेशात चांगलं नाव आहे. तर माझ्यापुरतं सांगते, सांगलीत राम मंदिर चौकात उभं राहून धा जणांना नाव विचारलं आणि एकालाही माहीत नसलं, की तो अल्बम दुर्लक्षित. बास.

ताई, वर्ष संपताना फोन मला सांगतो की तू यंदा हे हे ऐकलंस, आणि बघते तर सगळी रीलवरची गाणी. मला काहीतरी शांत पाहिजे, पण झोपायचं संगीत नको. उर्दू चालेल. (विश्रामबाग, सांगली)

तुझ्यासाठी अरूज आफताबचा 'नाइट रेन' (Night Reign, पाऊस नव्हे), मे २०२४ चा. ही मूळची पाकिस्तानची, राहते न्यूयॉर्कला, आणि २०२२ मध्ये 'मोहब्बत' या गाण्याला ग्रॅमी मिळालं तेव्हा आपल्याकडं चार दिवस नाव ऐकू आलं, मग सगळे विसरले. या अल्बमलाही नामांकन होतं पण मिळालं नाही, म्हणून बातमी पण नाही आली. नऊच गाणी आहेत. सगळा अल्बम रात्रीवर, पण रात्र म्हणजे नुसता विरह आणि उसासे असं नाही, त्यात पार्टी आहे, कुणालातरी लांबून बघत बसणं आहे, 'व्हिस्की' नावाचं चक्क दारू चढलेल्या माणसाचं गाणं आहे.

मला यातलं सगळ्यात जवळचं 'ना गुल'. त्याचे शब्द महालका बाई चंदा यांचे. आपल्या दख्खनच्या हो, हैदराबादच्या निजामाच्या दरबारातल्या कवयित्री आणि गायिका, १८२४ मध्ये वारल्या, आणि त्याच साली त्यांचा दीवान म्हणजे गझलांचा संग्रह निघाला, त्यात सव्वाशे गझला. म्हणजे बाई जाऊन बरोबर दोनशे वर्षं झाली त्या वर्षी त्यांचे शब्द हार्प आणि डबल बासवर येतात, आणि आपल्याला सांगलीत पत्ताच नाही! 'साकी' पण त्यांचंच. गझल म्हटलं की आपण हार्मोनियम, तबला आणि 'वाह वाह'ची वाट बघतो, इथं तसं काही नाही, तबला तर नाहीच म्हटलं तरी चालेल, एक ओळ घेऊन ती तिथंच थांबते, पुढं जायची घाईच नाही तिला. 'रात की रानी'त आवाजावर मुद्दाम थोडं ऑटोट्यून (आवाज मशीननं सुरात बसवायचं तंत्र) लावलंय, ते ऐकून आमच्या घरी एकानं नाक मुरडलं, मला आवडलं. फक्त एक कर, शफल बंद कर आणि पहिल्यापासून लाव. आणि फोनच्या स्पीकरवर नको गं बाई, खालचा डबल बास त्यावर ऐकूच येत नाही आणि मग म्हणशील ताईंनी काय रटाळ सांगितलं.

नुसरत फतेह अली खाँसाहेबांचा 'नवीन' अल्बम आला म्हणे. माणूस १९९७ ला गेला. हा एआयचा प्रकार आहे काय? (निवृत्त शिक्षक, तासगाव)

नाही सर, शंका रास्त आहे, हल्ली गेलेल्या माणसाकडून काहीही गाऊन घेतात, पण हे खरंखुरं आहे. 'चेन ऑफ लाइट', सप्टेंबर २०२४. पीटर गॅब्रिएल या गायकाचा इंग्लंडमध्ये रियल वर्ल्ड नावाचा स्टुडिओ आहे, तिथं १९९० मध्ये खाँसाहेबांनी आपल्या कव्वालीच्या पार्टीसकट बसून रेकॉर्ड केलेलं, त्याच काळात तिथंच त्यांचा तो गिटारवाला 'मस्त मस्त' अल्बम पण झाला आणि जग त्याच्याच मागं लागलं. या टेपा राहिल्या कपाटात. २०२१ मध्ये जुना साठा हलवताना सापडल्या.

चारच कव्वाल्या आहेत. 'आज सिक मित्रां दी' तुम्हाला माहीत असणार, पंजाबी, पीर मेहर अली शाहांचं कलाम. 'खबरम रसीद इमशब' फारसी, अमीर खुस्रोंची. पण 'या गौस या मीराँ' आधी कुठंच ऐकायला नव्हती, ती पहिली लावा. सर, तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडं त्यांच्या मैफलींच्या कॅसेट आहेत आणि त्यात टाळ्यांचा गोंगाट जास्त आहे. इथं उलटं आहे. स्टुडिओतलं असल्यामुळं मागच्या मंडळींचा एकेक आवाज वेगळा कळतो, खाँसाहेब सरगमेवर गेले की बाकीचे कसे खाली दबून धरून राहतात आणि बरोब्बर कुठं उचलतात ते दिसतं म्हटलं तरी चालेल. त्या वेळी त्यांचा आवाज ऐन भरात होता. माझं स्पष्ट मत, वर्षातला सगळ्यात भारी अल्बम चौतीस वर्षं जुना निघाला, यावर नव्या लोकांनी राग मानू नये.

आमचं घर मिरजेत तंतुवाद्यांच्या कामातलं. दिवसभर तारा आणि जवारी. गिटारवाला असा सांगा की ज्याचा हात ऐकून आमचे दादा पण गप बसतील. (मिरज)

तुमच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्येच जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पहिलं त्याचं अभिनंदन घ्या. आता माणूस सांगते. एमडू मोक्टार, आफ्रिकेत सहारा वाळवंटात नायजर देश आहे तिथला, तुआरेग जमातीचा. घरच्यांना गिटार पसंत नव्हतं, मग पठ्ठ्यानं लाकडाचं स्वतः बनवलं आणि तारा लावल्या सायकलच्या ब्रेकच्या! तुम्ही लोक सुताचा एक धागा तारेखाली इकडचा तिकडं सरकवून अर्धा अर्धा तास आवाज उघडत बसता, तुम्हाला ब्रेकच्या वायरीवर सूर काढणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

अल्बम 'फ्युनरल फॉर जस्टिस', मे २०२४. डावखुरा आहे, नखी (पिक) न घेता वाजवतो, नुसत्या बोटांनी, आणि वेग असा की पहिल्यांदा नुसता गोंधळच वाटतो. दादांना सांगा खालचा सूर धरा. तो एक सूर खाली वाजत ठेवतो आणि वर सगळं फिरतं, तानपुऱ्यात कान तयार झालेल्या माणसाला ते लगेच सापडतं, रॉकवाल्यांना उलट वेळ लागतो. शब्द तामाशेक भाषेत, राग सगळा पूर्वी तिथं राज्य केलेल्या फ्रेंचांवर आणि स्वतःच्या राज्यकर्त्यांवर. जुलै २०२३ मध्ये बँड अमेरिकेत दौऱ्यावर असताना मागं देशात लष्करानं सत्ता घेतली, हे तिकडंच अडकले. मग तीच गाणी अकूस्टिक, म्हणजे बिनविजेच्या वाद्यांवर, करून रेकॉर्ड केली, तो 'टिअर्स ऑफ इनजस्टिस' २०२५ मध्ये आला. दादा फारच तापले तर हा दुसरा लावा. खरं सांगायचं तर मला हाच जास्त आवडला.

आम्ही विट्याचे, गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यामुळं कोइमतूरला. पोरं आता मराठीपेक्षा तमिळ रॅप ऐकतात. काही बरं आहे का त्यात? (कोइमतूरहून)

आहे की! अरिवूचा 'वल्लिअम्मा पेरांडी', २०२४. 'एन्जॉय एन्जामी' २०२१ मध्ये तुमच्या पोरांनीच नाचून नाचून घर डोक्यावर घेतलं असेल, ते ज्यानं लिहिलं तोच हा. वल्लिअम्मा त्याची आजी, श्रीलंकेत चहाच्या मळ्यात राबायची. १९६४ च्या भारत-श्रीलंकेतल्या शास्त्री-सिरिमाओ करारानंतर अशी लाखो तमिळ माणसं मळे सोडून तमिळनाडूला परत आली, आली म्हणजे पाठवलीच, पिढ्यान्‌पिढ्या तिथं राबून जमिनीचा तुकडाही हातात नाही. ते सगळं या अल्बममागं आहे. परई हे तमिळ चर्मवाद्य, लोकगीताची चाल, त्यावर रॅप. मला सगळे शब्द कळत नाहीत पण तुम्हाला कळतील. पोटासाठी गाव सोडून मुलूखभर पांगलेल्या विट्याच्या माणसाला यात आपलं काहीतरी सापडेल असं मला वाटतं, पोरांसोबत बसून ऐका.

अभंगाला गिटार लावलं की झालं फ्यूजन. कंटाळा आलाय. दुसरं काही? (लोणंद)

बरोबर आहे तुमचं, पालखी दारावरनं जाते त्यांना असलं पाणचट चालणार नाही. गणव्या या गायिकेचा 'डॉटर ऑफ अ टेम्पल' ऐका, नोव्हेंबर २०२४. ही जन्मली न्यूयॉर्कला, वाढली तमिळनाडूत, हरिकथा आणि अभंग गातच. तीसेक कलाकार एकत्र बसवून केलेला हा अल्बम ॲलिस कोल्ट्रेन यांच्या आठवणीतला. या बाई अमेरिकेतल्या मोठ्या जॅझ वादक, पुढं संन्यास घेतला, कॅलिफोर्नियात आश्रम काढला आणि तिथं ऑर्गनवर भजनं म्हणायच्या! म्हणजे हे फ्यूजन आजचं नाहीच. अल्बम मात्र सरळ नाही, मध्ये नुसतं बोलणं आहे, कुणीतरी पुटपुटतंय, काही ठिकाणी मला पण लांबल्यासारखं वाटलं. पण तिचा आवाज सुरू झाला की माफ.

आणि हो, बऱ्याच जणांनी चंद्रिका टंडन यांच्या 'त्रिवेणी'बद्दल विचारलंय, ग्रॅमी मिळालं म्हणून. चांगलं आहे, योगाच्या क्लासला लावा. मी दुसऱ्यांदा नाही लावला.

मुलगा दिल्लीच्या कुठल्याशा बँडचं इंग्लिश गाणं लावून बसतो, गायक सारखा रडल्यासारखा गातो. काळजी करू का? (ईश्वरपूर)

वहिनी, पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी असणार, 'बीटा', ऑगस्ट २०२४. काळजी नको, पोराची चॉईस चांगली आहे. अर्धं जुन्या हॉटेलातल्या डान्सचं, अर्धं वरातीच्या बँडचं. तुम्हीपण ऐका.

मराठीतलं एकही नाव नाही तुमच्याकडं? लाज वाटते का? (सांगली, नाव नको)

लाज कशाला वाटेल, वाईट वाटतं. २०२४ मध्ये मराठी गाणी गाजली नाहीत असं नाही, 'गुलाबी साडी' देशभर वाजली, 'तांबडी चामडी'वर तर परदेशातली पोरं नाचली. पण ही सगळी सुटी गाणी. कॅसेटच्या काळात 'गारवा' घेतला की आख्खाच घ्यावा लागायचा, दुसऱ्या बाजूची गाणी पण कानावर पडायची आणि कधीकधी तीच जास्त आवडायची. आता स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो, आणि २०२४ पासून वर्षभरात हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचा पैसाच नाही. मग साताऱ्याचा किंवा जतचा पोरगा आठ गाणी कशाला करत बसेल, एकच करणार आणि पहिल्या तीस सेकंदातच सगळा मसाला ओतणार. त्याला दोष नाही देत मी. पण ऐकणाऱ्यांचं काय? इथं मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या नावानं दर्ग्यात रात्र रात्र बसून गाणं ऐकणारी माणसं आहेत आपण, आपल्याला पाऊण तासाचा अल्बम जड होतो हे मला काही पटत नाही. तुमच्या ओळखीत कुणी मराठीत चार-पाच गाण्यांचं एकत्र काही काढलं असेल तर पाठवा, पुढचा आख्खा अंक त्याला देते. सिनेमाची गाणी सोडून.

तोपर्यंत सांगलीचंच पाहिजे असेल तर आशाताईंचा 'लेगसी' काढा, १९९६ चा, उस्ताद अली अकबर खाँसाहेबांबरोबरचा. आशाताई जन्मानं आपल्या सांगलीच्या, ग्रॅमीचं नामांकन मिळालेला अल्बम, आणि चौकात विचारलं तर कुणी नाव सांगणार नाही. नियमात बसतोय, वर्षाचं तेवढं बघू नका.

हे सगळं फुकट कुठं मिळेल? (बऱ्याच जणांनी)

यूट्यूबवर यातलं बहुतेक सगळं कलाकारांच्या स्वतःच्या चॅनेलवर आहे, फक्त कव्वालीच्या मध्येच जाहिरात आली की डोकं फिरतं, त्याला इलाज नाही. विकत घ्यायचं असेल तर बँडकँप बघा, एकदा घेतलं की फाईल आपली, नेट नसलं तरी चालतं. तिथं काही ठरावीक शुक्रवारी साईट आपला हिस्सा घेत नाही, त्यामुळं पैसे जास्त करून कलाकाराकडं जातात, घ्यायचंच तर तो शुक्रवार बघून घ्या. आणि लिंक पाठवा लिंक पाठवा म्हणून मेसेज करू नका, नावं वर दिलेत.