धावते तेव्हा थंड, उभी राहिली की गरम

प्रश्न : माझी डिझेल पिकअप आहे. माल भरून तासन्‌तास धावली तरी तापमानाचा काटा मध्यावर असतो. पण माल उतरवताना इंजिन चालू ठेवून उभी केली, की पंधरा-वीस मिनिटांत काटा लाल पट्टीकडे सरकतो. निघालो की पुन्हा खाली. थर्मोस्टॅट (पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलला, कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) नवीन भरलं. आता रेडिएटर बदला म्हणतात. (पंखा बेल्टवर फिरणारा आहे. मागे पाण्याचा पंप बदलताना पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच तुटलं, ते काढून टाकलं आहे.) काय करावं?

उत्तर : पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत! दुखणं ते कवच काढल्यानंतर सुरू झालं का, हे आधी आठवून पाहा.

गाडी पळते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटरमधून आरपार जातो, पंख्याला फारसं काम नसतं. उभ्या गाडीत मात्र सगळी भिस्त पंख्यावर. कवच असलं तर पंखा रेडिएटरच्या पूर्ण जाळीतून हवा ओढतो. नसलं तर जिथून सोपी मिळेल तिथून घेतो, म्हणजे बाजूने, आणि इंजिनावरून आलेली गरम हवाच पुन्हा घुसळत बसतो. पुष्कळ लोकांना ते कवच म्हणजे नुसतं झाकण वाटतं. काम करताना अडचण होते म्हणून काढतात आणि परत बसवायचा कंटाळा करतात.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता, तर भरल्या गाडीने चढावर आधी त्रास दिला असता. रेडिएटर आतून तुंबला असता तरी तेच. तुमची गाडी ओझं घेऊन थंड राहते, म्हणून रेडिएटरवर माझा संशय शेवटी. अशाच तक्रारीवर मी एकदा रेडिएटर बदलून दिला होता. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत दारात. गेलेला होता फॅन क्लच, म्हणजे पंख्याच्या मध्यावरचा, त्याला इंजिनाच्या फिरण्याशी जोडणारा भाग.

तो तुम्हीही तपासा. या क्लचमध्ये सिलिकॉन तेल असतं. गरम झालं की ते पंख्याला घट्ट धरतं. इंजिन चांगलं तापल्यावर बंद करा, किल्ली खिशात घाला आणि मग पंखा हाताने ढकला. अडखळत थांबला तर ठीक. भिंगरीसारखा दोन-तीन फेरे फिरला तर क्लच गेला. मधल्या गोल भागावर तेलकट, धूळ चिकटलेले ओघळ दिसले तर खात्रीच समजा. कानही लावा : तापलेल्या इंजिनाला रेस दिली की धडधाकट पंखा चक्क घोंघावतो. चालू इंजिनाजवळ मात्र हात नको.

मग मागून टॉर्च लावून जाळीतून उजेड दिसतो का पाहा. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कचरा, किडे, चिखल यांची गादी साठते. समोरून पाहणाऱ्याला ती दिसतच नाही. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने सोडा. जोराच्या फवाऱ्याने पत्र्या वाकतात.

अजून एक. काटा चढत असताना हीटर पूर्ण लावा. गरम झोत येऊन काटा थोडा उतरला तर पाणी फिरतंय. तेवढ्यापुरती इंजिनाची सुटकाही होते. काटा वर आणि झोत गार, असं असेल तर कुलंट कमी आहे किंवा हवा अडकली आहे. नुकतंच नवीन भरलंय म्हणून विचारतो, हवा नीट काढली होती ना? कुलंट वरचेवर कमी होत असेल किंवा कुलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅसकेट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सांधपट्टी) तपासून घ्या. रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण मात्र इंजिन पूर्ण निवल्यावरच उघडा. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की एकदम उकळून थेट तोंडावर येतं.

आधी कवच बसवा. पंख्याची पाती साधारण निम्मी त्याच्या आत राहतील असं. मग वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून उभी करा आणि काटा पाहत बसा. तोवर रेडिएटरला हात लावू देऊ नका.