मेलबर्नच्या इमारतीवरचे बहिरी ससाणे रस्त्यावरून दिसतात का? आणि उन्हात धापा टाकणाऱ्या त्यांच्या पिल्लांना कुणी मदत का करत नाही?

दिवाळीच्या सुमारास तुम्ही मुलीकडे मेलबर्नला येताय, कॉलिन्स स्ट्रीटचे ससाणे प्रत्यक्ष पाहायची इच्छा आहे, आणि घरट्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याच्या थेट प्रक्षेपणात पिल्लांची उन्हातली अवस्था बघून जीव कासावीस झालाय. तुमच्या प्रश्नातून मला एवढं कळलं. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. घरट्याच्या आतलं काही खालून दिसत नाही, पण ससाणे दिसतात, आणि तुम्ही अगदी योग्य वेळी येताय. दुसऱ्या भागाला जरा वेळ लागेल. माझं ऑफिस तिथून जवळ आहे आणि हंगामात ते घरटं पाहिल्याशिवाय माझा दिवस जात नाही, त्यामुळे सविस्तरच लिहिते.

इमारत म्हणजे ३६७ कॉलिन्स स्ट्रीट. सिटीत, म्हणजे मेलबर्नच्या मध्यवर्ती भागात, एलिझाबेथ स्ट्रीट आणि क्वीन स्ट्रीट यांच्या मधे. तीस मजल्यांच्याही वर, इमारतीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या सज्जावर १९९१ पासून ससाणे अंडी घालतायत. सुरुवातीची अंडी मादीने तिथल्या धातूच्या पन्हळीत घातली आणि ती वाया गेली. बहिरी ससाणा काड्या गोळा करून घरटं बांधत नाही. कड्यावरच्या कपारीत जी माती-खडी असेल ती छातीने आणि पायांनी उकरून तो एक उथळ खळगा करतो, बस. पन्हळीच्या पत्र्यात खळगा कसला होणार! व्हिक्टोरिया राज्यातल्या ससाण्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या व्हिक्टर हर्ली यांनी तिथे खडी भरलेला ट्रे ठेवला आणि पुढचं सगळं ससाण्यांनी केलं. माणसाची मदत कुठे लागते आणि कुठे लागत नाही याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

इथे ऋतू उलटे. ऑगस्टच्या अखेरीस अंडी, सप्टेंबर सरता सरता किंवा ऑक्टोबर लागता लागता पिल्लं, आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धात पहिलं उड्डाण. आमच्या घरी आम्ही ते आपल्या सणांवर लक्षात ठेवतो: गणपतीच्या आगेमागे अंडी, नवरात्राच्या सुमारास पिल्लं, दिवाळीत पंख. अधिक मास असेल त्या वर्षी हिशेब थोडा सरकतो, पण चुकत नाही.

आता काळजीबद्दल. कॅमेरा पाहणाऱ्यांना दरवर्षी त्याच तीन-चार गोष्टी घाबरवतात.

पहिली भीती अंड्यांपासूनच सुरू होते. मादी साधारण दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन किंवा चार अंडी घालते, पण तिसरं अंडं येईपर्यंत ती त्यांच्यावर नीट बसतच नाही. दोन अंडी गार वाऱ्यात उघडी पडलेली पाहून लोक हळहळतात. मात्र ती पहिल्या अंड्यापासून उबवायला बसली तर पहिलं पिल्लू शेवटच्यापेक्षा जवळजवळ आठवडाभर आधी बाहेर येईल आणि धाकट्याच्या वाट्याला घास उरणार नाही. उशिरा बसल्यामुळे सगळी पिल्लं एक-दोन दिवसांच्या फरकाने फुटतात. न उबवलेलं ताजं अंडं काही दिवस थंडीत राहिलं तरी त्याला काही होत नाही. पुढे साधारण तेहेतीस दिवस उबवणं चालतं. त्यातला मोठा वाटा मादीचा, पण नरही बसतो. तो आकाराने तिच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश लहान असतो, त्यामुळे अंड्यांवर बसला की सगळी अंडी अंगाखाली घेताना त्याची चांगलीच कसरत होते. त्याची ती धडपड मला फार आवडते.

दुसरी भीती तुमची, उन्हाची. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून भराभर श्वास घेणं हा त्यांचा अंग थंड करायचा मुख्य मार्ग. म्हणजे पिल्लू धापा टाकतंय याचा अर्थ त्याचं शरीर जे करायला हवं ते करतंय. अगदी लहान, पांढऱ्या लवेतली पिल्लं स्वतःचं तापमान सांभाळू शकत नाहीत. त्या दिवसांत मादी उन्हाच्या बाजूला पाठ करून पंख अर्धे पसरून उभी राहते आणि पिल्लं तिच्या सावलीत दाटीवाटीने बसतात. तासन्‌तास. ती स्वतःही धापा टाकत असते, पण हलत नाही. पिल्लं तीन आठवड्यांच्या पुढे गेली की पन्हळीतून चालत चालत सज्जाच्या दुसऱ्या टोकाला, सावलीत जातात आणि कॅमेऱ्यातून गायब होतात. झालं, लगेच 'पिल्लं पडली' अशी हाकाटी सुरू होते. ती पडलेली नसतात. ऊन सरलं किंवा आई भक्ष्य घेऊन आली की त्याच वाटेने धावत परत येतात.

मग कुणी जाऊन छत्री का लावत नाही? कारण पिल्लं मोठी होत आली असताना सज्जावर माणूस दिसला तर ती बिचकून वेळेआधी उडी टाकू शकतात. जगभर पिल्लांच्या पायात ओळखीची कडी घालायचं काम साधारण तीन आठवड्यांच्या वयाला उरकतात ते याचसाठी. त्या वयात पाय पुरेसे वाढलेले असतात आणि पळून जायची ताकद नसते. छत्रीने वाचेल त्यापेक्षा जास्त त्या भेटीत जाईल. या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

तिसरी भीती, 'एकालाच भरवते, दुसरं उपाशी आहे'. थोडा वेळ थांबून पूर्ण जेवण पाहा. ज्याच्या गळ्याखालची पिशवी टम्म फुगली ते पिल्लू मागे सरतं, पेंगतं, आणि मागचं पुढे येतं. आई मांसाचे बारीक तुकडे तोडून चोचीत देते, आणि इतक्या हळुवार हाताने की हीच चोच हवेत कबुतराची मान मोडते यावर विश्वास बसत नाही. खाण्यात कबुतरं खूप असतात, पण ऑस्ट्रेलियातला ससाणा पोपटांवरही ताव मारतो. सज्जावर कधी गुलाबी पिसं दिसली तर ती गलाह नावाच्या काकाकुव्याची समजा. शिवाय आपली साळुंकी! तिला १८६० च्या दशकात मेलबर्नमध्ये मुद्दाम आणून सोडलं, आता ती गल्लोगल्ली आहे आणि ससाण्याच्या पंजातही सापडते.

२०२० च्या लांबलेल्या लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळे घरात अडकलो होतो आणि सिटीचे रस्ते ओस पडले होते. तेव्हा या कॅमेऱ्याने किती जणांना सोबत केली ते सांगता येणार नाही. भारतात आई-वडील आजारी असलेल्या, विमानं बंद म्हणून जाता न येणाऱ्या माझ्या मैत्रिणी रात्री एकमेकींना 'चौथंही फुटलं का?' असं विचारायच्या.

शहरात ससाणे का, असं तुमची नात नक्की विचारेल. त्याला उंच कडा हवा असतो, समोर मोकळी हवा आणि खाली भरपूर पक्षी. इमारत त्याला कड्यासारखीच वाटते. कॅनडातल्या माँट्रियलच्या सन लाइफ इमारतीवर १९३६ पासून १९५२ पर्यंत एक मादी पिल्लं वाढवत होती, म्हणजे ही सवय आजची नाही. मात्र त्याच सुमारास शेतात डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली. ते किड्यांतून छोट्या पक्ष्यांत आणि त्यांच्यातून ससाण्याच्या शरीरात साठत गेलं, अंड्याचं कवच पातळ झालं आणि अंडी आईच्याच वजनाखाली फुटू लागली. ब्रिटिश पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये ब्रिटनमधल्या जुन्या संग्रहांतली अंडी तपासून ते दाखवून दिलं. तोवर अमेरिकेच्या पूर्व भागात वीण करणारी एकही जोडी उरली नव्हती. १९७० मध्ये टॉम केड या अमेरिकन पक्षी-अभ्यासकाने ससाणे वाचवण्यासाठी पेरेग्रिन फंड ही संस्था सुरू केली, १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं सोडायला सुरुवात झाली. त्यातली बरीच शहरांतल्या उंच इमारतींवरून सोडली, कारण कड्यांवर पिल्लं खाणारी मोठी घुबडं तिथे नव्हती. १९९९ मध्ये अमेरिकेने बहिरी ससाण्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून काढलं. मेलबर्नची जोडी मात्र कुणी आणून सोडलेली नाही, ती आपणहून आली.

आणि हो, हा पक्षी तुम्ही महाराष्ट्रातही पाहू शकता. उत्तरेकडून येणारे बहिरी ससाणे हिवाळ्यात मुंबईच्या टॉवरांवर मुक्काम करतात. शाहीन ही त्याची आपल्याकडची उपजात तर सह्याद्रीच्या कड्यांवरच वीण करते. परत गेल्यावर गडावर चढताना तुटलेल्या कड्यावर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले तर दुर्बिणीने वर पाहा. लांबूनच.

आता कॉलिन्स स्ट्रीट. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनवरून चालत यायचं, किंवा ट्राम घ्यायची, सिटीच्या मध्यभागात ती फुकट आहे. इमारतीच्या पायथ्याशी उभं राहिलात तर मान दुखेल आणि काही दिसणार नाही. समोरच्या फुटपाथवर जा, थोडं लांब सरका, शेजारच्या इमारतींच्या कडा आणि कोपरे पाहत राहा. आधी बहुधा आवाज येईल, 'कॅक-कॅक-कॅक' असा कर्कश आणि सलग. सिटीत कुरव आणि डोमकावळ्यांसारखे काळे पक्षी खूप आहेत, त्यांच्यात गल्लत करू नका. ससाण्याचे पंख टोकदार, पंखांची हालचाल भराभर, डोकं काळं, छाती फिकी. नशीब असेल तर सूर मारताना दिसेल. त्या वेळी त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. मी उभी असताना तो दिसला की शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून वर दाखवते, आणि आजवर कुणी रागावलेलं नाही.

नोव्हेंबरात तिथे यायला मी आग्रहाने सांगतेय, त्यामागे माझं एक कारण आहे. कॅमेऱ्यात पिल्लं असतात तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुरक्षित काळ. आई-बाप जवळ, खाणं तयार. सगळे प्रेक्षक तेव्हा काळजी करतात, आणि चौकट रिकामी झाली की 'उडाली एकदाची' म्हणून निघून जातात. खरा धोका तिथून पुढे आहे. निम्म्याहून जास्त ससाणे पहिलं वर्ष पुरं करत नाहीत. डोंगरावर पहिली झेप फसली तर पिल्लू खालच्या एखाद्या कपारीला पंजे रोवून पुन्हा वर सरकतं. सिटीत खाली गुळगुळीत काच आहे. काचेत आभाळ दिसतं आणि पिल्लू त्यावर आदळतं, किंवा घसरत थेट फुटपाथवर येतं. तिथून वर उठायची ताकद त्याच्या पंखांत अजून नसते आणि पाच पावलांवर ट्रामचे रूळ असतात.

इथे मात्र माणसाची मदत लागते. असं तपकिरी, छातीवर उभ्या रेघा असलेलं पिल्लू जमिनीवर बसलेलं दिसलं तर त्याच्या आणि वाहनांच्या मधे उभे राहा, गर्दी लांब ठेवा, आणि मुलीला वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया या वन्यजीवांना मदत करणाऱ्या संस्थेला फोन लावायला सांगा. रस्त्यावर येत असेल तर खोका किंवा जाड कोट अलगद वरून टाका. अंधारात पक्षी शांत होतो. हाताने उचलू नका, पंजे खोल रुततात. पाणी पाजू नका, खायला घालू नका. माणसाचा स्पर्श झाला की आई टाकून देते हा निव्वळ गैरसमज आहे. इजा झालेली नसेल तर जाणकार माणसं पिल्लाला पुन्हा उंचावर ठेवतात आणि आई-बाप त्याला भरवू लागतात.

तुमचा मुक्काम डिसेंबरपर्यंत असेल तर पुन्हा एकदा सिटीत चक्कर मारा. उडायला लागल्यावरही पिल्लं कित्येक आठवडे आई-बापांच्याच जिवावर असतात. मोठा ससाणा पायात भक्ष्य धरून उंच जातो आणि ते हवेत सोडून देतो, खालून पिल्लू उलटं होऊन ते झेलायला बघतं. पहिल्या काही दिवसांत बहुतेक वेळा हुकतं. सकाळी ऑफिसची गर्दी व्हायच्या आधी या, तेव्हा ती जास्त दिसतात.