दाराच्या पत्र्याला भोके का पडतात?

प्रश्न : जुन्या मोटारीच्या दाराचा गंजलेला भाग कापून तेथे नवा तुकडा मी मिग वेल्डिंगने (यंत्रातून सतत पुढे येणारी तार विजेने वितळवून धातू जोडण्याची पद्धत) जोडत आहे, मात्र पत्र्याला भोके पडतात आणि दार वेडेवाकडे होते. काय करावे?

उत्तर : मोटारीचा बाहेरचा पत्रा साधारण 0.7 ते 1 मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर सलग वेल्डिंग केले की उष्णता एकाच जागी साचते, धातू वितळून गळतो आणि थंड होताना आक्रसणारा सांधा भोवतालचा पत्रा ओढून घेतो. म्हणून 0.6 मिलिमीटरची तार वापरून एका वेळी एकच टाका (ठिपक्याएवढे वेल्डिंग) द्यावा, पुढचा टाका त्यापासून दूर, शक्यतो समोरच्या कडेला द्यावा आणि आधीची जागा निवल्याशिवाय तिच्या शेजारी वेल्डिंग करू नये. काम रेंगाळते खरे, पण दार सरळ राहते. तरीही भोक पडत असेल, तर मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरावी. तांबे उष्णता ओढून घेते आणि वितळलेले पोलाद त्याला सहसा चिकटत नाही.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो : क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर कधीही वेल्डिंग करू नये, कारण आर्कची (वेल्डिंग करताना पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीची) उष्णता आणि अतिनील किरणे यांमुळे त्यापासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो.