४८ हजारांची गादी, १२ हप्ते आणि दुखणारी कंबर

प्रश्न : आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ६८,०००. गृहकर्जाचा हप्ता २१,५००, घरखर्च ३४,०००, मुलीच्या शिक्षणासाठी एसआयपी ५,०००. बँकेत ७०,००० आहेत. काथ्याची गादी ११ वर्षांची झाली, सकाळी कंबर धरते. माझं वजन ५६ किलो, यांचं ८८. कॉलेज रोडच्या शोरूममध्ये लॅटेक्स-मेमरी फोमची गादी ४८,००० ला सांगितली, ‘बिनव्याजी’ ४,००० चे १२ हप्ते, प्रोसेसिंग फी ९९९ अधिक जीएसटी. रोख घेतली तर ४३,०००. सिडकोतला गादीवाला रिबाँडेड (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला) आणि एचआर (जास्त लवचिक) फोमची ६ इंची गादी २२,००० ला करून देतो. एसआयपी पाच महिने थांबवून चांगली गादी घ्यावी का?

ताई, गादी बदला, पण ४८ हजारांची नको, आणि हप्त्यांवर तर मुळीच नको.

आधी त्या ‘बिनव्याजी’चा हिशेब करू. रोखीत ४३,००० ला मिळणारी वस्तू हप्त्यांत ४८,००० ला पडते. म्हणजे ५,००० व्याज किमतीतच घातलंय, वर जीएसटीसह १,१७९ फी. तुम्हाला प्रत्यक्षात ४१,८२१ रुपयांचीच उधारी मिळते आणि ४८,००० फेडायचे असतात. हा दर वर्षाला २६ टक्क्यांच्या आसपास जातो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. दुकानात तुम्ही विचारायचा प्रश्न एकच : ‘आज रोख दिले तर किती?’

तुमच्याकडे महिन्याला ७,५०० उरतात. त्यातले ४,००० गेले की ३,५०० हातात. बँकेतले ७०,००० म्हणजे कर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून जेमतेम सव्वा महिन्याची सोय. ही गंगाजळी आधीच तोकडी आहे.

एसआयपी थांबवली म्हणून आभाळ कोसळणार नाही, पण तीच भाषा पुढे फ्रिजसाठी आणि मग सहलीसाठीही वापरली जाते. पाच महिन्यांचे २५,००० वर्षाला १० टक्के गृहीत धरून १२ वर्षं ठेवले तर साधारण ७८,००० होतात. परताव्याची हमी कुणी देत नाही, पण गादीची किंमत त्या रकमेशी ताडून बघायला हरकत नाही.

आता एक रुपयाही खर्च न करता करायचं काम. जुनी गादी सात रात्री जमिनीवर टाकून झोपा. कंबर हलकी झाली तर दोष पलंगाच्या प्लायचा असू शकतो. बॉक्स पलंगात खाली सामान ठासलेलं, वर पातळ प्लाय. काही वर्षांत तो मधोमध झोळ खातो आणि बोल गादीला लागतो. गादी काढून पलंगावर आडवी दोरी ताणा. मधे अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट दिसली तर १८ मिलिमीटरचा प्लाय टाकून घ्या. नाहीतर नवीन गादीसुद्धा त्याच खड्ड्यात बसेल. सुतार आलाच आहे तर प्लायला इंचभर व्यासाची आठ-दहा भोकं पाडायला सांगा. नाशिकच्या पावसाळ्यात बंद पेटीवरची गादी खालून ओलसर राहते आणि बुरशी धरते. गादीवर कुणी नसताना आडवी सरळ काठी ठेवून खोलगटपणा मोजा. इंचाच्या वर भरला तर गादीचे दिवस संपले.

दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञ. तो खर्च गादीच्या आधी.

कडक गादी म्हणजे कंबरेला चांगली, हा समज आपल्याकडे पक्का आहे. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांवर स्पेनमध्ये केलेला अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द काही डॉक्टरचं प्रमाणपत्र नव्हे. दुकानात नेहमीच्या कुशीवर पंधरा मिनिटं झोपा, दोघांनी एकत्र. मग उताणं होऊन कंबरेखाली हात सरकवा. थोडा अडत सरकला तर ठीक. सहज आरपार गेला तर गादी कडक, शिरलाच नाही तर मऊ.

८८ किलोंसाठी हलका फोम चालणार नाही, वर्ष-दोन वर्षांत दबतो. सिडकोवाल्याकडे खाली ४ इंच रिबाँडेड आणि वर २ इंच एचआर फोम, तोही किमान ४० डेन्सिटीचा, असं बिलावर लिहून घ्या. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किलोत. कडकपणाशी तिचा थेट संबंध नाही. पण ती वजनावरून ठरते, म्हणून काट्यावर तपासता येते. ७५ बाय ६० इंचांचा २ इंची थर ४० डेन्सिटीचा असेल तर सुमारे ६ किलो भरतो, ३२ चा असेल तर पावणेपाच. खोळीला चेन लावायलाच सांगा. गादी घरी आली की चेन उघडून बघा, वरचा थर अखंड आहे की तुकडे जोडलेत. इथे फसवणूक होते. पंधरा दिवसांत थर बदलून देण्याची बोलीही बिलावर हवी. माप जुन्या गादीचं देऊ नका. पलंगाच्या आतल्या बाजूने तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान मापातून अर्धा इंच कमी करा.

शोरूमची गादी वाईट नाही. हात सैल असता तर लॅटेक्सला मी नाही म्हटलं नसतं. मेमरी फोम मात्र थंडीत ताठरतो, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो. दहा वर्षांच्या वॉरंटीला भुलू नका : सहसा ठरावीक खोलीच्या वरचा खड्डाच त्यात धरतात, डाग पडला की दावा फेटाळतात, आणि वर्षं जातील तशी भरपाई घटते. आठ वर्षं वापर धरला तर रोखीतली ४३,००० ची गादी वर्षाला ५,३७५ ला पडते, २२,००० ची २,७५० ला.

पैसे असे उभे करा. ऑगस्ट-सप्टेंबरची शिल्लक १५,०००, बँकेतून ७,०००, दसऱ्याच्या आधी रोख खरेदी. ऑक्टोबरच्या शिल्लकीतून ते ७,००० परत भरा. उरतील त्यात वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घ्या. एसआयपीला हात लावू नका.

२०२७ च्या सिंहस्थात पाहुणे येणार, तेव्हा जास्तीच्या गाद्याही आत्ताच घेऊ, असा मोह होईल. त्यांना कापसाच्या गाद्या पुरतात. त्या पुढच्या वर्षी भरून घ्या, वेगळ्या खर्चातून.