योनास मेकास यांचे सिनेमे पाहायला कुठून सुरुवात करावी?

मेकास म्हणजे कॅमेऱ्याने रोजनिशी लिहिणारे न्यूयॉर्कचे प्रायोगिक दिग्दर्शक. सुरुवात करा ‘रेमिनिसन्सेस ऑफ अ जर्नी टू लिथुआनिया’पासून (१९७२). दीड तासाच्या आत संपतो. ‘वॉल्डन’ तीन तासांचा आहे, तो नंतर बघा.

मी ‘रेमिनिसन्सेस’ पहिल्यांदा लावला आणि थोड्याच वेळात फाइल खराब आहे समजून बंद केला. चित्र थरथरतं, मध्येच पांढरं पडतं, कुणी हसायला लागतो न लागतो तोच शॉट संपतो. मेकास यांचा बोलेक्स कॅमेरा चावीचा होता. एकदा चावी दिली की अर्धा मिनिटही चालत नाही, आणि शंभर फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. मला वाटलं, गरिबीमुळे तुकडे तुकडे घेतले असतील. पण याच सिनेमाच्या पहिल्या भागात १९५० च्या सुमाराचं ब्रुकलिन आहे, तेव्हा तर खिसा रिकामा होता, आणि ते शॉट बरेच शांत आहेत. तुकड्यांची सवय नंतरची, हौसेने लागलेली.

माणूस लिथुआनियातल्या सेमेनिश्किआई गावचा, जन्म १९२२. १९४४ मध्ये भाऊ अडोल्फाससोबत व्हिएन्नाला निघाले, पण जर्मनांनी गाडीतून उतरवून हॅम्बुर्गजवळच्या सक्तमजुरीच्या छावणीत नेलं. पुढे निर्वासितांच्या छावण्या, आणि १९४९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क. उतरल्यावर थोड्याच दिवसांत उसने पैसे घेऊन बोलेक्स घेतला! (युद्धकाळात त्यांनी जर्मनव्याप्त लिथुआनियात ज्यूविरोधी प्रचार छापणाऱ्या ज्या वृत्तपत्रांत काम केलं, त्यावरून २०१८ मध्ये वाद झाला. मेकासप्रेमी त्याबद्दल गप्प बसतात ते मला पटत नाही.)

स्वतःच्या सिनेमांइतकंच त्यांनी दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी केलं. १९६२ ची ‘फिल्म-मेकर्स कोऑपरेटिव्ह’ दिग्दर्शकांची स्वतःची वितरण संस्था. कुणाचाही सिनेमा नाकारायचा नाही, हा तिचा नियम. १९६४ मध्ये जॅक स्मिथ यांचा ‘फ्लेमिंग क्रीचर्स’ हा अश्लील ठरवला गेलेला सिनेमा दाखवल्याबद्दल मेकास यांना अटकही झाली. १९७० ची ‘अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्ह्ज’, म्हणजे प्रायोगिक सिनेमे जपणारी आणि दाखवणारी संस्था, न्यूयॉर्कमध्ये आजही चालू आहे. २०१९ मध्ये, ९६ व्या वर्षी ते गेले.

‘रेमिनिसन्सेस’चा दुसरा भाग गावाकडचा, १९७१ चा. सत्तावीस वर्षांनी घरी आलेत. पडद्यावर १, २, ३ असे आकडे येत राहतात. मोजत बसू नका. आई अंगणात चूल पेटवून रांधतेय, तिच्याकडे बघा.