कोकणात जुन्या कौलारू घराला मागे एक खोली वाढवायची आहे, वर स्लॅब टाकू की कौलं?

कौलंच टाका. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस, सपाट स्लॅब म्हणजे वॉटरप्रूफिंग आलंच आणि एवढं करून काही वर्षांनी लोक त्यावर पत्र्याची शेड मारतातच, मग आधीच उतरतं छप्पर का नको? मंगलोरी कौलांना उतार 30 अंशांच्या आसपास ठेवा, कमी झाला की वाऱ्याबरोबर पाणी आत येतं. वाशांना जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप चालतो, वाळवीचं टेन्शन नाही. पण खरी गळती होते जुनं नि नवं छप्पर जिथे भेटतं तिथे! जमलं तर नवं पाखं (छपराची उतरती बाजू) जुन्याच्या वळचणीखाली सरकवा, नाहीतर मध्ये रुंद पन्हळ हवीच, आणि हे भिंती उचलायच्या आधी ठरवा प्लीज, नंतर उंची मिळत नाही. वळचण 2 फूट तरी बाहेर काढा, चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत कमी भिजते.