चूक ‘मेक’ करावी की ‘कमिट’?

ग्राहकाला चुकीच्या रकमेचे बिल गेले. ईमेलमध्ये मी ‘अ मिस्टेक हॅज हॅपन्ड फ्रॉम माय साइड’ असे लिहिले. टीम लीडरने वाक्य बदलायला लावले. काय चुकले? (ऐरोली)

‘माझ्याकडून चूक झाली’ हे आपले बोलणे तुम्ही जसेच्या तसे इंग्रजीत उतरवले. मराठीत ते नम्र वाटते आणि त्यात जबाबदारीही घेतलेली असते. इंग्रजीत मात्र चूक ‘हॅपन’ झाली म्हटले की ती पावसासारखी आपोआप पडली, असा सूर लागतो. बिल चुकल्यामुळे वैतागलेल्या ग्राहकाला तो सूर टाळाटाळीचा वाटतो. ‘आय मेड अ मिस्टेक इन द बिल’ एवढे लिहा. काम अनेकांचे असेल तर ‘वी मेड’. लगेच पुढच्या वाक्यात खरी रक्कम द्या आणि सुधारित बिल सोबत जोडा. ‘इनकन्व्हिनियन्स’बद्दलची दिलगिरी त्यानंतर. अनेक ईमेलांची सुरुवातच त्या दिलगिरीने होते आणि नेमके काय चुकले ते वाचणाऱ्याला शोधत बसावे लागते. हे मला मनापासून खटकते.

मुलगी दहावीत आहे. निबंधात ‘आय डिड अ मिस्टेक’ लिहिते. ‘कमिटेड’ लिहिले तर चालेल का? (नौपाडा, ठाणे)

‘मेड’ शिकवा. ‘मिस्टेक’ला ‘डू’ लागत नाही. ‘कमिट’ गुन्ह्यासोबत शोभते. ‘कमिट अन एरर’ बरोबर असले, तरी स्पेलिंग चुकल्याची गोष्ट सांगताना ते फार जड होते. शब्द सुटे पाठ करून घेऊ नका. ‘मेक अ मिस्टेक’, ‘करेक्ट अ मिस्टेक’, ‘लर्न फ्रॉम अ मिस्टेक’ अशा जोड्या वाक्यांतून लिहू द्या.

आमच्या बिलांवर खाली ‘ई. अँड ओ. ई.’ छापलेले असते. त्याचा अर्थ काय? आणि पत्रात ‘बाय मिस्टेकली’ लिहावे का? (एपीएमसी मार्केट, वाशी)

‘बाय मिस्टेकली’ नको. ‘बाय मिस्टेक’ किंवा ‘मिस्टेकनली’, दोन्हींपैकी एक. बँकेला पत्र असेल तर ‘इन एरर’ अधिक शोभते: ‘द अमाउंट वॉज क्रेडिटेड इन एरर’.

बिलावरची ती अक्षरे म्हणजे ‘एरर्स अँड ऑमिशन्स एक्सेप्टेड’. नजरचुकीने काही चुकले किंवा राहून गेले असेल, तर ते दुरुस्त करण्याची मुभा आम्ही राखून ठेवली आहे, असा त्याचा आशय. हे शब्द पूर्ण छापून घेणार असाल तर प्रूफ स्वतः तपासा. इथला ‘एक्सेप्टेड’ म्हणजे ‘वगळून’. कानाला सारखाच वाटणारा ‘ॲक्सेप्टेड’ छापला गेला, तर चुका आम्हाला मान्य आहेत, असे तुमच्याच बिलावर लिहिलेले दिसेल. स्पेलचेकला ही चूक सापडेलच असे नाही, कारण दोन्ही शब्द अस्सल आहेत.

फ्लॅटच्या करारनाम्यात नावाचे स्पेलिंग चुकले आहे. वकिलांना पत्र लिहिताना ‘करेक्ट’ की ‘रेक्टिफाय’? (कोपरखैरणे)

दोन्ही बरोबर. दस्ताच्या बाबतीत ‘रेक्टिफाय’ रूढ आहे. आपण ज्याला चूक दुरुस्तीपत्र म्हणतो ते ‘डीड ऑफ रेक्टिफिकेशन’. अशा चुकीला ‘क्लेरिकल एरर’ म्हणा. घरच्या व्हॉट्सॲपवर मात्र ‘करेक्ट’च बरे.

अहवालात ‘द इंजिनिअर फाउंड फॉल्ट विथ द मशीन’ लिहिले, तर साहेब हसले. (रबाळे एमआयडीसी)

‘फाइंड फॉल्ट विथ’ म्हणजे नावे ठेवणे. बिघाड सापडला असेल तर ‘फाउंड अ फॉल्ट इन द मशीन’ लिहा.